ओलिताच्या दिवसांतलं आलूचं सूप

डिसेंबर निम्मा सरला की घाटावरची थंडी घाटाखालच्या माणसाला सांगून कळत नाही. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर. राजूर घाट उतरून मोताळ्याकडं गेलं की स्वेटर नकोसं होतं. इकडं चिखली-मेहकरच्या शिवारात मात्र दिवस बुडायचा अवकाश, गारठा धरतो. आणि नेमकं याच दिवसांत गहू-हरभऱ्याचं ओलीत असतं. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीनं येते, काही दिवस ती रात्रीचीच. मग माणूस बॅटरी आणि काठी घेऊन अपरात्री निघतो आणि ओल्या रानात स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढं लावत बसतो. दिवसा वीज द्या, ही मागणी रास्तच आहे आणि ती मी सोडणार नाही. पण तोवर त्याच्या थर्मासात काय भरून द्यायचं, हा रोजचा प्रश्न आहे. रिकाम्या पोटी चहावर चहा होतो आणि भाकर गार झाली की घशाखाली उतरत नाही. म्हणून मी म्हणते, आलूचं दाट सूप द्या.

सूप म्हटलं की आपल्याकडं कॉर्नफ्लोअर, विकतचं क्रीम नाहीतर पाकीट डोळ्यांपुढं येतं. यातलं काहीच लागत नाही. दाटपणा आलूतच असतो. शिजताना त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ दाणे पाण्यात मिसळले की सूप सायीसारखं होतं. तोच आलू मिक्सरमध्ये फिरवला तर पेशी फुटतात, स्टार्च मोकळा सुटतो आणि खळ तयार होते. आपल्या घरात पुरणयंत्र आहे, तेच इथं सर्वांत उत्तम. गरम आलू त्यातून काढा, आलू मोकळा, भुसभुशीत पडतो. पुरणयंत्र नसेल तर पळीच्या पाठीनं घोटा.

आलू कोणता घ्यायचा, याला मी फार महत्त्व देते. नखानं साल निघणारा नवा आलू रश्श्याला छान, पण त्यात पाणी जास्त. सुपाला पिठूळ आलू हवा. ओळखायचा असेल तर अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात आलू सोडा. पिठूळ असेल तो तळाशी जातो. शीतगृहातून आलेला आलू कधी गोडसर लागतो, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. असा आलू दोनेक आठवडे घरात कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवला की गोडी बरीच कमी होते. हिरवट पडलेला मात्र घेऊच नका.

चार माणसांना अर्धा किलो आलू पुरे. सोलून, फोडी करून गार पाण्यातच टाका आणि मग गॅस लावा. उकळत्या पाण्यात टाकला तर बाहेरून गळतो आणि आत कच्चा राहतो. टमाटा घालू नका. आंबटात आलू लवकर मऊ होत नाही आणि पुढं दूधही फाटतं. दुसऱ्या पातेल्यात चमचाभर लोण्यावर जिरं, कांदा आणि मूठभर लसणाची पात परता. कांदा लाल होऊ देऊ नका. त्यात वाटीभर तुरीचे सोले टाकून बोटचेपे शिजवा. हे सोले माझ्या सुपाचा जीव आहेत. या दिवसांत शेंगा बांधावर लगडलेल्या असतात. अर्धे सोले ठेचून घाला, अर्धे अख्खे दाताखाली येऊ द्या. मग पुरणयंत्रातून काढलेला आलू, तो शिजवलेलं पाणी, मीठ, भरडलेले मिरे. शेवटी मंद आचेवर वाटीभर गरम दूध, आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर.

आलू आणि दाण्यांची ही जोडी मी काढलेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात काउंट रम्फर्डनं म्युनिकच्या गरिबांसाठी जे सूप शिजवलं, त्यात जव आणि वाटाण्यासोबत आलू होता, आणि तेही तासन्‌तास मंद आचेवर शिजवून दाट केलेलं असे. फ्रान्समध्ये आलूच्या सुपाला पार्मांतिये या औषधतज्ज्ञाचं नाव आहे. सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत त्याला आलू खावा लागला आणि त्यातून वाचलेल्या या माणसानं पुढं आपल्या देशाला आलू खायला शिकवलं. भुकेलेल्या, राबणाऱ्या माणसांनी मोठं केलेलं हे अन्न आहे. हॉटेलातल्या पांढऱ्या वाटीचा त्याच्यावरचा हक्क नंतरचा.

एकादशीला कांदा, लसूण, सोले वगळा आणि त्याऐवजी दाण्याचं बारीक कूट घाला. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तापातून उठलेल्या लेकरांना हेच सूप जरा पातळ करून द्या, सोले पूर्ण ठेचून.

थर्मासात भरताना नेहमीपेक्षा सैल ठेवा, कारण स्टार्च मुरत जातो आणि तासाभरात सूप घट्ट होतं. थर्मास आधी उकळत्या पाण्यानं विसळून घ्या. चमचा सोबत द्यायला विसरू नका. आणि दोन माणसांपुरतं भरा, शेजारच्या वावरातही कुणीतरी ओलिताला आलेलं असतंच.