गेटावर आपण, पहिलीच्या दारात कोण?

दरवर्षी 14 जानेवारीला आपण विद्यापीठाच्या गेटावर जातो. माथा टेकवतो, घोषणा देतो, पुस्तकं विकत घेतो. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. मधल्या काळात माणसं मेली, वस्त्या जळाल्या. त्या गेटाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण दोस्तहो, त्या गेटापर्यंत पोचायला लेकराला आधी पहिलीतून जावं लागतं. त्या पहिलीच्या दारात कोण उभं आहे? तू नाहीस. मीही नाही.

मागच्या जूनमध्ये वस्तीत एका घरी शाळांची चर्चा निघाली. कुठली शाळा बरी, कुठली बाद. एका बाईनं विचारलं, जवळच्या सरकारी शाळेत घातलं तर? चळवळीत वीस वर्षं काढलेला एक जण पटकन म्हणाला, "तिथं कशाला घालता बाई? सगळी आपलीच लेकरं हायेत तिथं."

कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. कारण माझं पोरगं टाय लावून पिवळ्या बसमधून जातं.

रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. 'त्या शाळेत त्यांची पोरं आहेत, म्हणून ती शाळा नको', हे वाक्य आपल्या आज्यापणज्यांनी सवर्णांच्या तोंडून ऐकलं होतं. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा शाहू महाराजांनी 1919 साली हुकूम काढून बंद केल्या, त्या याच वाक्याविरुद्ध. आज तेच वाक्य आपल्या तोंडात आहे, आणि बोलताना जीभ अडखळत नाही.

आता बघा, आपण शाळांची तुलना करतो कशी. शहराच्या हद्दीत महापालिकेच्या शाळा, मराठी आणि उर्दू. हद्द ओलांडली की जिल्हा परिषदेच्या. वाळूजकडे बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला. जालना, बीड, परभणीकडून माणसं पोटासाठी आली. रांजणगाव, पंढरपूर, बजाजनगर भरत गेलं. पत्र्याच्या खोल्यांतून राहणारी ही माणसं लेकराला शाळेत घालताना काय विचारतात? टाय आहे का? बस आहे का? इंग्रजी आहे का? आणि शेवटी हळूच, तिथं येतं कोण?

मास्तर किती, हे कुणी विचारत नाही. पाचवीचं पोर दुसरीचं पुस्तक वाचतं का, हेही कुणी विचारत नाही.

आणि निकालाची टक्केवारी म्हणाल, तर ती बहुतेक वेळा पालकांचीच असते. ज्या घरात बाप पदवीधर, आई अभ्यास घेते, संध्याकाळी शिकवणी आहे, त्या घरचं पोर कुठंही वाचायला शिकतं. शाळा फक्त फी घेते आणि श्रेयही घेते. अमेरिकेत 1966 साली कोलमन यांचा मोठा सरकारी अहवाल निघाला, त्यातही हेच निघालं की गुणांतला फरक शाळेच्या सामानापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त बांधलेला आहे. मग विटभट्टीवरून आलेल्या, घरात एकही पुस्तक नसलेल्या लेकराला जी बाई वाचायला लावते, तिनं जास्त काम केलं की टायवाल्यांनी? पण या कामाला आपल्या तुलनेत रकानाच नाही.

सरकारी शाळा म्हणजे बादच, असं म्हणणाऱ्यानं गाडीवाटला जाऊन यावं. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना विचारलं, परदेशी भाषा कोणती शिकणार? पोरं म्हणाली, जपानी. का? तर यंत्रमानव आणि तंत्रज्ञान तिकडे आहे म्हणून. आणि ती शिकायला लागली. लेकरांत खोट नव्हती. कुणीतरी त्यांना विचारलं, एवढाच फरक.

मग तुलना करायची कशानं? माप आपल्याकडे आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्यात लिहिलंय: प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 90 पर्यंत 3, 120 पर्यंत 4. प्रत्येक शिक्षकाला एक खोली. मुलामुलींना वेगळे संडास. प्यायचं पाणी. मैदान. कुंपण. पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस शाळा, सहावी ते आठवी 220 दिवस. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम सोडून मास्तरला दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही. या मापानं वॉर्डातल्या शाळा एकमेकींशेजारी मांडा. कुणाचं लेकरू कुठल्या जातीचं, हे या मापात कुठंच येत नाही.

शहराचं नाव 2023 साली बदललं. पाट्या बदलल्या. शाळेतल्या संडासाची मोडकी कडी बदलली का, हे बघायला ना नाव बदला म्हणणारे गेले, ना बदलू नका म्हणणारे.

आता 25 टक्क्यांचं बोलू. खासगी शाळांतल्या राखीव जागांसाठी आपण धावतो, अर्ज भरून देतो. करावंच. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर ही सक्ती नाही. आपण ओरडलो, ते बरोबरच होतं. 19 जुलै 2024 ला मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. आपण पेढे वाटले.

पण त्या भांडणात एक गोष्ट सगळे विसरले. सरकार म्हणालं, तुमच्यासाठी आमची शाळा आहे ना! आणि आपल्याला ती शिक्षा वाटली. सरकारची शाळा शिक्षेसारखी का वाटते, हा प्रश्न घेऊन किती मोर्चे निघाले? मला एकही आठवत नाही.

आणि जो बोलू शकतो, तोच आधी निघून जातो. नोकरीवाला गेला, कार्यकर्ता गेला, मास्तरनं स्वतःचं पोर नेलं, नगरसेवकाचं तर कधी नव्हतंच. मागं राहिली ती धुणीभांडी करणारी आई. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक लागतात, निम्म्या बाया लागतात, वंचितांना त्यांच्या प्रमाणात जागा लागते. पण पालक म्हणून बसायचं तर लेकरू तिथं हवं. म्हणजे ज्याला कायदा कळतो तो बाहेर, आणि जी आत आहे तिची बैठकीला गेलं की रोजी बुडते. मग समिती कुठं भरते? सह्यांच्या वहीत.

जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे सांगितलं होतं, की रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर उधळू नका, प्राथमिक शिक्षणावर खर्च करा आणि ते सक्तीचं करा. आपण जोतीरावांचा फोटो लावला आणि हा हिशेब बाजूला ठेवला.

पँथरचं नाव आपण 1972 साली घेतलं. ज्यांच्यावरून घेतलं, त्या काळ्या पँथरांनी 1969 साली ओकलंडमध्ये शाळेआधी लेकरांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. पहाटे उठून स्वतः रांधलं, वाढलं. आपण त्यांची घोषणा उचलली, पातेलं तिथंच राहिलं.

तर आता काम. आपल्या वॉर्डातल्या, गावातल्या सगळ्या सरकारी शाळांची यादी करा, मराठी आणि उर्दू दोन्ही. प्रत्येक शाळेचा यूडायस क्रमांक असतो, माहिती उघडी असते. कागदावरचं घ्या आणि डोळ्यांनी ताडून बघा: मुलं किती, शिक्षक किती, खोल्या किती, पाणी येतं का, मुलींच्या संडासाला कडी आहे का, समितीची बैठक खरंच झाली का. एकाच कागदावर सगळ्या शाळा मांडा आणि तो कागद विहारात लावा. कमी दिसेल तिथं स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या. शहरात ते महापालिका, बाहेर जिल्हा परिषद. तीन महिन्यांत निर्णय देणं कायद्यानं त्यांच्यावर बंधनकारक आहे. नाही दिला, तर राज्य बालहक्क आयोग आहे. आणि बैठकीच्या दिवशी त्या आईची रोजी वस्तीनं वर्गणी काढून भरा. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, हिलाही निघेल.

माझं पोरगं मी त्या शाळेत घालीन का? खरं सांगतो, अजून भीती वाटते. पण ती शाळा बाद आहे असं ती न बघताच मी म्हणत होतो, एवढं आता मला कळलंय. सोमवारी साडेदहाला मी तिच्या दारात असेन. तू तुझ्या वॉर्डातल्या शाळेच्या दारात जा.

जयभीम.