लायकी विचारणारे तुम्ही कोण?

न्यायदेवता आंधळी असते म्हणे. झूट! तिला खुर्चीवर बसवणाऱ्यांचे डोळे टक्क उघडे असतात. ते रंग बघतात, जात बघतात, उद्या निकाल कुणाच्या बाजूनं पडेल ते बघतात.

अमेरिकेकडं बघा. तिथं सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतो, सिनेट मतं टाकून पक्का करते. एकदा बसला की बहुधा मरेपर्यंत, नाहीतर स्वतःहून उठेपर्यंत बसला. म्हणून एकेका खुर्चीसाठी मारामारी. आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. ज्या काळ्या पँथरांवरून १९७२ साली आपल्या पोरांनी नाव घेतलं, त्यांच्या जातभाईंची ही लढाई आहे.

१८५७ साली ड्रेड स्कॉट नावाचा गुलाम याच कोर्टाकडं स्वातंत्र्य मागायला आला. सात विरुद्ध दोन मतांनी कोर्टानं सुनावलं : काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. मनुस्मृती काय फक्त संस्कृतातच लिहितात?

१७८९ पासून १९६७ पर्यंत या कोर्टात एकही काळा न्यायाधीश नव्हता. तेव्हा कुणी बोंबललं नाही की हे गोऱ्यांचं आरक्षण आहे! १९६७ साली थरगुड मार्शलचं नाव आलं आणि सगळ्यांना लायकी आठवली. मार्शल म्हणजे गुलामाचा पणतू. शाळांतली रंगाची भिंत पाडणारा १९५४ चा खटला त्यानंच जिंकलेला. याच कोर्टात ३२ खटले लढून २९ जिंकलेले. आणि त्याला तपासणाऱ्या समितीचा अध्यक्ष कोण? मिसिसिपीचा जेम्स ईस्टलंड, कापसाच्या मळ्यांचा मालक, काळ्यांच्या हक्कांचा उघड वैरी. स्ट्रॉम थरमंड तर शंभर वर्षांपूर्वीच्या घटनादुरुस्त्यांचे किरकोळ तपशील विचारत शाळामास्तरासारखा छळत बसला. मार्शल पुरून उरला. ६९ विरुद्ध ११.

मग मालक शहाणे झाले. १९९१ साली मार्शल उठला, त्याच्या जागी त्यांनी काळाच माणूस शोधला, पण आपल्या विचाराचा : क्लॅरेन्स थॉमस. अनिता हिल या काळ्या प्राध्यापिकेनं शपथेवर सांगितलं, साहेब असताना यानं माझा लैंगिक छळ केला. थॉमसनं नाकारलं. ऐकणारे १४ जण, सगळे गोरे पुरुष. ५२ विरुद्ध ४८ नं थॉमस आत. २०१३ साली काळ्यांच्या मतदान-हक्काच्या कायद्याचे दात पाडणाऱ्या पाचांत तो होता. २०२३ साली कॉलेजप्रवेशातली वंशाधारित सवलत मोडणाऱ्यांतही होता. मार्शलच्याच खुर्चीवर बसून!

गोदीत आम्हाला हे ठाऊक आहे. मुकादम आपल्यातला आला म्हणून पाठीवरची गोण हलकी होत नाही. मुकादम कुणाचा पगार खातो आणि कुणाला भितो, ते बघायचं असतं.

नियमांचं म्हणाल तर नियम मालकाच्या खिशात. मार्च २०१६ मध्ये ओबामानं मेरिक गारलंडचं नाव दिलं. रिपब्लिकन म्हणाले, निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या. सुनावणीसुद्धा नाही. २०२० मध्ये त्याच पक्षानं एमी बॅरेटला निवडणूक आठ दिवसांवर असताना बसवलं. तेव्हा जनता कुठं गेली?

२०२२ साली केतान्जी ब्राऊन जॅक्सन पहिली काळी स्त्री न्यायाधीश झाली, ५३ विरुद्ध ४७. हार्वर्डमध्ये शिकलेली, आधीच फेडरल न्यायाधीश असलेली बाई. तरी टीव्हीवरचा एक गोरा निवेदक तिचे प्रवेशपरीक्षेचे मार्क मागत होता. ओळखीचं वाटतं ना, दोस्तांनो?

बाबासाहेबांनी हे सगळं आधीच हेरलं होतं. २४ मे १९४९ ला घटना समितीत त्यांनी सांगितलं, अमेरिकेसारखी कायदेमंडळाची संमती ठेवली तर नेमणुकीत राजकारण घुसेल. पण त्याच भाषणात हेही बजावलं की सरन्यायाधीशसुद्धा माणूसच, त्यालाही पूर्वग्रह असतात, नकाराधिकार त्याच्याही हाती देऊ नका. आपण काय केलं? १९९३ पासून किल्ली न्यायाधीशांच्याच कॉलेजियमकडं. तिथं बंद दारामागं ठरतं. घटना आपल्या बापानं लिहिली, पण तिच्या सर्वोच्च कोर्टात पहिला दलित न्यायाधीश बसायला १९८० उजाडलं.

तिथं भरचौकात सोलतात, इथं दाराबाहेरच ठेवतात. आपल्याला दोन्ही नको. आपल्याला खुर्ची हवी, आणि खुर्चीवरच्या माणसाला उघड विचारायचा हक्क हवा : बाबा, तू कुणाचा? उत्तर नाही आलं तर तो आपल्या रंगाचा असो की जातीचा, त्याची जयंती करू नका.