औंढ्याचा नाद आणि कीर्तनकाराचे उत्तरदायित्व

महाशिवरात्रीचे पर्व आले की आम्हा रिठदकरांचे मन शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाकडे धाव घेते. संत नामदेवांच्या कीर्तनासाठी तेथील देऊळ फिरले, ही आख्यायिका आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. त्याच औंढ्याच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांतून लेसरकिरण धावतील आणि अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय तरंगांची अतिसूक्ष्म स्पंदने मोजतील.

असा तरंग प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांनी टिपला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्या तरंगाची कंपने सेकंदाला सुमारे ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली. ही कंपने मनुष्याच्या कानाच्या मर्यादेत बसणारी असल्याने शास्त्रज्ञांनी त्यांना ध्वनिरूप दिले, तेव्हा पाखराच्या चिवचिवाटासारखा एक निमिषमात्र चढता स्वर उमटला.

हा स्वर, किंवा सूर्याच्या स्पंदनांचा ध्वनी, म्हणजे साक्षात ॐकारच होय, असे आज पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. प्रांजळपणे कबूल करतो, एका कीर्तनात मीही तसे ठोकून दिले होते. आरतीनंतर एका शाळकरी मुलाने विचारले, “बुवा, मध्ये हवाच नाही, मग आवाज आला कसा?” मी निरुत्तर झालो.

मुलाचे म्हणणे यथार्थ होते. तो तरंग म्हणजे ध्वनी नव्हे, अवकाशाचेच ताणणे-आखडणे होय. त्याला स्वर मिळाला तो मनुष्याच्या बुद्धीमुळे. शिवाय आपल्या शास्त्रांनीच आहत आणि अनाहत असा नादाचा भेद केला आहे. अनाहत नाद साधकाच्या अंतःकरणाचा विषय आहे. तो यंत्रात सापडला असे म्हणणे म्हणजे शास्त्राला मोठेपणा देणे नव्हे, त्याचा संकोच करणे होय.

ॐकाराला यंत्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही. विश्वाचा एवढा सूक्ष्म कंप मनुष्याला उमगावा, हेच नतमस्तक होण्यास पुरेसे आहे. नामदेवांचा वारसा सांगणाऱ्या आम्हा कीर्तनकारांनी तरी नारदाच्या गादीवरून असत्य बोलू नये. त्या मुलाची श्रद्धा टिकायची असेल, तर ती सत्यावरच टिकेल.