देठावरून कुळी ठरत नाही

सायमन कॉनवे मॉरिस यांनी १९७७ साली कॅनडातल्या बर्जेस शेल खडकांतल्या ‘डायनोमिस्कस’ या प्राण्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या हाती जेमतेम तीन नमुने होते. सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा जीव म्हणजे तळाशी रुतलेला लांब देठ, वर पेला आणि पेल्याच्या काठाला पाकळ्यांसारख्या पट्ट्यांचं कडं. ‘एंटोप्रॉक्टा’ या आजच्या चिमुकल्या देठधारी प्राण्यांशी त्याचं साम्य त्यांनी जपूनच सुचवलं. पुढे २०१९ मध्ये चीनच्या युन्नान प्रांतातल्या ‘डायहुआ’ या जीवाश्माचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अठरा संस्पर्शकांवर मोठ्या रोमकांच्या रांगा होत्या. त्या आधारे संशोधकांनी डायनोमिस्कसलाही कोम्ब जेलींच्या आरंभीच्या शाखेत बसवलं. कोम्ब जेली म्हणजे रोमकांच्या आठ पट्ट्या हलवत बहुधा खुल्या पाण्यात पोहणारे पारदर्शक जीव. बेचाळीस वर्षांत एकच प्राणी जीवसृष्टीच्या वंशवृक्षावर इतक्या दूरच्या फांदीवर गेला. विज्ञानाची ही फजिती आहे असं मला वाटत नाही. नातं नेमकं कशावरून ठरवायचं, हा प्रश्न मात्र यातून ठळकपणे समोर येतो.

माझं म्हणणं असं, की देठ आणि संस्पर्शक प्राणी कसा जगत होता ते सांगतात; तो कोणाचा नातलग होता हे त्यांच्यावरून कळत नाही. समुद्रतळालगत पाण्याचा वेग मंदावतो आणि थोडं वर उठलं की प्रवाह जास्त अन्नकण आणून देतो. एका जागी राहून पाण्यातले कण टिपणाऱ्या कोणत्याही प्राण्याला उंची आणि पसरलेले अवयव उपयोगी पडतात. म्हणूनच ही ठेवण परस्परांशी दूरचं नातं असलेल्या गटांत वेगवेगळी घडलेली दिसते. सागरी लिली ही ताऱ्यामाशाची नातलग, पण तिलाही देठ आहे. देठ असलेलं बार्नॅकल तर खेकड्या-कोळंबीच्या गोतातलं. त्याचे अन्न ओढून घेणारे पिसासारखे अवयव म्हणजे खरं तर पाय. कवच पाहून क्युव्हिएसारख्या थोर शरीररचनाशास्त्रज्ञानेही बार्नॅकलला शंखशिंपल्यांच्या वर्गात घातलं होतं. जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी १८३० मध्ये त्याच्या पोहणाऱ्या अळ्या दाखवल्या, तेव्हा नातं उलगडलं. जिवंत प्राणी समोर असताना बाह्यरूप इतकं चकवतं, तर ज्याची अळी नाही, जनुकं नाहीत, फक्त दगडावर दबलेला ठसा आहे, त्याच्याबाबत किती सावध राहायला हवं!

यावर आक्षेप येतो, की प्रत्येक लक्षणावर संशय घेतला तर वर्गीकरण उरणारच नाही. पण सगळी लक्षणं सारख्या वजनाची नसतात. ‘कोटिलिऑन’ हा चीनमधला पेल्यासारखा जीवाश्म आधी काहींनी ताऱ्यामाशांच्या गोताजवळ नेला होता. २०१३ मध्ये चारशेहून अधिक नमुने तपासल्यावर त्याच्या आतलं इंग्रजी यू अक्षरासारखं वळलेलं आतडं दिसलं, संस्पर्शकांच्या कड्याच्या आत तोंड आणि गुदद्वार दोन्ही दिसली, आणि तो एंटोप्रॉक्टाजवळ गेला. इथे आतल्या अवयवांची परस्पर मांडणी बोलते, म्हणून हा निष्कर्ष मला नुसत्या देठावरच्या साम्यापेक्षा कितीतरी भक्कम वाटतो. डायहुआच्या रोमकांचा पुरावाही याच दर्जाचा, फक्त त्याच्यावर उभी केलेली इमारत जास्त उंच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ‘स्थान अनिश्चित’ म्हणणं म्हणजे काम अर्धवट सोडणं नाही का? बर्जेस शेलमधल्याच ‘सिफुसॉक्टम’चं उदाहरण पाहावं. ट्यूलिपच्या फुलासारख्या या प्राण्याचे अकराशेहून अधिक नमुने मिळाले. २०१२ मध्ये लॉर्ना ओब्रायन आणि जाँ-बर्नार्ड कारॉन यांनी त्याच्या अन्न गाळणाऱ्या आतल्या कप्प्यांपर्यंत बारकाईने वर्णन केलं, त्याला नाव दिलं, स्वतंत्र कुलही दिलं. पण आजच्या कोणत्याही संघात त्याला कोंबलं नाही. हे अर्धवट काम मुळीच नव्हे. २०१९ च्या अभ्यासात कोम्ब जेलींशी त्याची तुलना करता आली ती या तपशिलांमुळेच. प्रजातीला नाव देणं आणि तिचा संघ ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं झालं म्हणून दुसरं उरकून टाकायची घाई नसावी.

ही घाई महाग पडते, कारण या नात्यांवर मोठे निष्कर्ष टेकलेले आहेत. गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या मांडणीचा २०२३ मधला अभ्यास सांगतो, की कोम्ब जेली बाकी सर्व प्राण्यांपासून सर्वांत आधी वेगळ्या झाल्या. जीवाश्मांवरची २०१९ ची मांडणी मात्र त्यांना समुद्रपुष्पांच्या जवळ नेते. प्राण्यांचा आरंभीचा इतिहास या वादात अडकला असताना ‘कोम्ब जेलींचा पूर्वज सापडला’ अशी बातमी देणं वाचकाची दिशाभूल करतं. डायनोमिस्कस पूर्वज असेलच असं नाही. तो वंश न उरलेला चुलत नातलगही असू शकतो. संग्रहालयांतल्या पाट्यांवर, पाठ्यपुस्तकांत आणि आमच्या वृत्तपत्रांतही अशा प्राण्याच्या नावाशेजारी प्रस्तावित नातं, त्याचा आधार असलेलं लक्षण आणि विरोधी मत, तिन्ही छापली जावीत. त्यासाठी दोन ओळी जास्त लागतील, आणि त्या दिल्या पाहिजेत.