मुतखड्याचे निमित्त आणि अकरा शहाळी

या सदरात एरवी डॉक्टरमंडळी लिहितात. मी डॉक्टर नाही. गेली सात वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खाटेवर चार-चार तास पडून राहणारा एक रुग्ण आहे. त्यामुळे माझ्या लिहिण्यात औषधांची नावे कमी आणि स्वयंपाकघरातील भांडी जास्त येतील, ते वाचकांनी चालवून घ्यावे.

माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले, तेव्हा घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. किडनीचा आजार म्हटले की लोक दोन गोष्टी धरून चालतात. एक, माणूस आता काही दिवसांचा सोबती. दोन, घर कर्जात बुडणार. अशा घराशी सोयरीक कोण करील? म्हणून आम्ही घरच्या घरी ठरवले की खरे नाव बाहेर काढायचे नाही. विचारले तर मुतखडा म्हणायचे. मुतखडा हा अब्रूदार आजार आहे. दर चार घरांत एकाला होऊन गेलेला असतो आणि त्याची कोणाला भीती वाटत नाही.

भीती वाटत नाही, पण त्यावरचा उपाय मात्र प्रत्येकाकडे असतो. कोणी कुळथाचे कढण आणून दिले, कोणी पानफुटीची पाने. भरपूर पाणी पी, लोटा-लोटा पी, खडा वाहून जाईल, असे तर रस्त्यात भेटणारा प्रत्येकजण सांगे. माझी लघवी तोवर दिवसाला जेमतेम दोन कप राहिली होती. प्यायलेले पाणी बाहेर जायला वाटच नव्हती; ते पायांत आणि छातीत साठत होते. मी मान डोलावून घरी येत असे.

तिसऱ्या महिन्यात ताप आला म्हणून दोन दिवस रुग्णालयात राहावे लागले. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोणी जात नाही, आणि त्यात मुतखडा! दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खाटेखाली अकरा शहाळी जमली होती. थोरले साडू तर शहाळे फोडून, नळी घालून हातात घेऊनच उभे राहिले. त्यांना नको कसे म्हणणार? कारण सांगायचे तर आजार सांगावा लागणार. त्या दिवसात मी तीन शहाळी प्यालो.

रात्री एकच्या सुमारास पाय जड झाले. लघवीला उठावे म्हटले तर मांड्यांत बळच नाही. छातीत ठोका चुकल्यासारखे होऊ लागले. नर्सबाईंनी धावपळ करून कार्डिओग्राम काढला, रक्त पाठवले. रक्तातील पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावे लागते, माझे सातच्या वर गेले होते. हृदय सांभाळण्यासाठी शिरेतून इंजेक्शन दिले आणि अडीच वाजता डायलिसिसचे यंत्र सुरू केले. डॉक्टरांनी मला काही विचारले नाही. खाटेखाली वाकून पाहिले आणि रिकामी शहाळी मोजली.

पोटॅशियम हे काही विष नव्हे. स्नायू आणि हृदय त्याच्यावरच चालतात. निरोगी मूत्रपिंडे अहोरात्र काम करून त्यातले जास्तीचे लघवीवाटे टाकून देतात. आमचे तसे नसते. आठवड्याचे तास १६८, त्यांपैकी १२ तास यंत्र आमच्यासाठी काम करते. उरलेल्या १५६ तासांत जे पोटात जाईल ते बव्हंशी साचून राहते. एका मोठ्या शहाळ्याच्या पाण्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असू शकते आणि आमच्यासारख्याला दिवसभराच्या सगळ्या अन्नातून मिळून साधारण दोन हजारांच्या आसपासच राहायला सांगतात. ते वाढले तर दुखत-खुपत काही नाही, कधी कधी सरळ हृदय थांबते. धडधाकट माणसाला तेच शहाळे उन्हाळ्यात अमृतासारखे. त्याने खुशाल प्यावे.

लपवले म्हणून देवाने शिक्षा केली, असे मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे साधे आहे. ज्या आजाराचे नावच शेजाऱ्याला ठाऊक नाही, त्याचे पथ्य तो तुम्हाला पाळू देणार कसे? साडूंची काय चूक होती? चुकीचे नाव मी दिले होते, त्यांनी त्या नावाला योग्य तो पाहुणचार केला.

त्या रात्रीनंतर मी दोन गोष्टी सुरू केल्या. लोकांना खरे सांगू लागलो, आणि डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर कान उघडे ठेवून बसू लागलो. माझे निम्मे शिक्षण त्या बाकड्यावर झाले आहे. डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. बाहेर साठ माणसे बसलेली असताना ते एकाला किती वेळ देणार? ते रिपोर्ट पाहतात, गोळी बदलतात, "पाणी कमी प्या, पोटॅशियम टाळा" एवढे सांगतात. पण कमी म्हणजे किती आणि ते मोजायचे कसे, हे सांगायला त्यांना सवड नसते आणि खरे तर अनुभवही नसतो. तहानेने जीभ टाळूला चिकटते तेव्हा काय करावे, हे ज्याची चिकटली तोच सांगू शकतो.

मला ते एका मावशींनी सांगितले. शेजारच्या तालुक्यातून पहाटेच्या एसटीने येत. (डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत प्रवास-सवलत मिळते, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. मी वर्षभर पूर्ण तिकीट काढत होतो.) त्यांची रीत अशी. डॉक्टरांनी दिवसाचे जेवढे पाणी ठरवून दिले असेल तेवढे सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचे. मग चहा घेतला की तेवढेच पाणी बाटलीतून काढून टाकायचे, झाडाला घालायचे. ताक घेतले, आमटी घेतली, तरी तसेच. बाटलीत जे उरते तेवढीच आपली इस्टेट. पाणी तांब्याने नव्हे, लहान फुलपात्राने प्यायचे. घशाला कोरड पडली तर बर्फाचा एक खडा चोखायचा, तोही हिशेबात धरून. आणि मुख्य म्हणजे लोणचे, पापड, वरून मीठ बंद. मावशी म्हणत, तहान मिठाला लागते, माणसाला नाही. दोन डायलिसिसच्या मधे वजन दोन किलो वाढले तर ते दोन लिटर पाणी आहे, अंगावर मांस चढलेले नाही, हेही त्यांनीच मला हसत हसत समजावले.

एक जण किराणा दुकानदार होते. रक्तदाबवाल्यांसाठी म्हणून कमी सोडियमचे मीठ त्यांच्याच दुकानात विकायला असे. तेच ते घरी खात आणि पोटॅशियम का उतरत नाही म्हणून चिंता करत. एका मुलाने त्यांना पाकिटाची मागची बाजू वाचायला लावली. त्या मिठात सोडियम कमी केलेले असते ते पोटॅशियम क्लोराईड घालून. ज्याची मूत्रपिंडे चांगली आहेत त्या रक्तदाबाच्या रुग्णाला त्याचा फायदा होत असेल, आमच्यासाठी तो चमच्याचमच्याने घेतलेला धोका आहे. सैंधवाचेही काही निराळे कौतुक नको. तेही मुख्यतः मीठच.

हाताविषयी तर बाकड्यावर तासन् तास बोलणे चाले. डायलिसिससाठी हातातील शुद्ध रक्ताची नाडी आणि अशुद्ध रक्ताची शीर शस्त्रक्रियेने जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही जगभर तीच उत्तम मानतात. तो हात म्हणजे आमची जीवनदोरी. त्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही, त्यातून तपासणीला रक्त काढू द्यायचे नाही, घट्ट घड्याळ किंवा बांगड्या नकोत, बाजाराची जड पिशवी नको, झोपताना तो अंगाखाली नको. रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटे त्यावर ठेवून थरथर लागते का पाहायचे, मांजर मांडीवर गुरगुरते तशी. आमच्यातल्या एका रिक्षावाल्याला एका सकाळी ती लागली नाही. तो त्याच तासाला निघाला, गाठ काढता आली आणि हात वाचला. ही गोष्ट त्याला शस्त्रक्रियेच्या वेळी सांगितली गेली असेलही. त्याच्या लक्षात राहिली ती बाकड्यावर ऐकलेली.

जाता जाता सांगतो. हे यंत्र ज्याने प्रथम बनवले तो विलेम कोल्फ हा हॉलंडचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना त्याने मांसाच्या पदार्थांना गुंडाळायची सेलोफेनची नळी वापरून ते उभे केले. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई त्याच्यावर वाचली. युद्ध संपल्यावर त्याने आपली यंत्रे परदेशांतील रुग्णालयांना देऊन टाकली. आपल्याला कळले ते झाकून ठेवायचे नाही, ही या आजारातील रीत तशी जुनीच आहे.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला मला सात वर्षांतले निम्मे दिवस लागले. आमच्या पाळीत एक तिशीचा मुलगा होता. नुकतेच लग्न झालेले. त्याच्या मोबाईलवर कोणी तरी पाठवले होते की अमुक झाडपाल्याचा काढा चाळीस दिवस घेतला की किडनी पुन्हा सुरू होते, डायलिसिस सोडले तर गुण लवकर येतो. त्याने ते मला वाचून दाखवले. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मला ते पटले नव्हते, पण कोणाच्या आशेवर आपण पाणी का ओता, असे वाटून मी काही बोललो नाही. पुढच्या सोमवारी तो आला नाही. बुधवारीही नाही. शुक्रवारी त्याच्या खाटेवर नवीन माणूस होता.

म्हणून बाकड्यावरच्या विद्येला मी आता कुंपण घालून घेतले आहे. काय केले, काय भोगले, कोठे कोणता कागद लागतो, भाजी कशी शिजवावी, हे सारे मोकळेपणाने सांगावे. गोळीचे नाव आणि प्रमाण सांगू नये. माझ्या पाण्याचे माप दुसऱ्याला देऊ नये, कारण त्याची लघवी निराळी, त्याचे हृदय निराळे. आणि डायलिसिस सोडा असे जो सांगेल, त्याला तिथल्या तिथे, सर्वांसमक्ष अडवावे. वाईटपणा आला तरी चालेल.

रुग्णालयांनाही एक विनंती आहे. आमच्या हातात जे आहाराचे पत्रक देतात ते बहुधा इंग्रजीत असते, आणि त्यात ब्रोकोली, अॅव्होकॅडो अशी फळे-भाज्यांची नावे. आमच्या तालुक्याच्या बाजारात ब्रोकोली विचारली तर बाई कोथिंबिरीची जुडी पुढे करील. त्याऐवजी एका पानावर मराठीत लिहा की बटाटा, रताळे, पालेभाजी घ्यायचीच असेल तर साल काढा, बारीक चिरा, कोमट पाण्यात भिजवा, ते पाणी टाका, मग भरपूर पाण्यात उकडा आणि तेही पाणी टाका. याने पोटॅशियम कमी होते, नाहीसे होत नाही. केळे, मोसंबी, शहाळे, सुका मेवा यांच्यावर फुली मारा. कमरख, म्हणजे ते पाच कंगोऱ्यांचे आंबटगोड फळ, त्यावर तर दोन फुल्या, कारण त्यातील विष निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही आणि उचकीपासून सुरुवात होऊन माणूस झटके येऊन बेशुद्ध पडू शकतो. हे पान भिंतीवर लावायला अनुदान लागत नाही.

आणि ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे पण मूत्रपिंडे अजून शाबूत आहेत, त्यांनी वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिन तपासून घ्यावे, गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊन महिनोन् महिने खाऊ नयेत. मी खाल्ल्या होत्या. त्या काळात हे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, यापलीकडे त्याबद्दल मला बोलवत नाही.

भेटायला येणाऱ्यांनी काय आणावे, असे मला आता पुष्कळजण विचारतात. काही आणू नका. तासभर खाटेजवळ बसा, म्हणजे आमची घरची मंडळी घरी जाऊन आंघोळ करून दोन घास खाऊन येतील. तेवढे पुष्कळ आहे.

मुलीच्या लग्नाचे राहिलेच. त्या शहाळ्यांच्या रात्रीनंतर आठ दिवसांनी मी व्याह्यांना घरी बोलावून सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सदऱ्याच्या खिशातून एक गोळ्यांचे पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. घरात बायकोलाही माहीत नाही, म्हणाले. मी त्यांना पहिले विचारले ते हे की क्रिएटिनिन कधी तपासले होते.