वेगाची हांव आणि रानडुकराचा प्रश्न

हल्लीं शिकल्यासवरल्या घरांतून एक मत ऐकूं येतें. हिंगोलीकडची शेती रानडुकरांनीं व रोह्यांनीं बुडविली आहे. तेव्हां कसबी नेमबाजांस मॅग्नम रायफली घेऊन तेथें जाऊं द्यावें, आणि आपलीं काडतुसें आपल्या हातांनीं भरण्याची मोकळीक द्यावी, म्हणजे शेतकऱ्याचें पीक वांचेल व जनावरही हाल न होतां मरेल. हें मत मांडणारे लोक अडाणी नाहींत, व म्हणूनच त्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

त्यांच्या बाजूचें जें खरें आहे तें आधीं मान्य करूं. हातभरणी ही थट्टेची गोष्ट नव्हे. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फुगलेली असते. ती पुन्हा मापांत आणावयाची, बुडाशीं नवी टोपी बसवावयाची, दारू तोलून घालावयाची आणि तोंडाशीं गोळी बसवावयाची. हें तोलणें ग्रेनमध्यें चालतें. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग, सोनाराच्या भाषेंत सुमारें अर्धी गुंज. तोल चुकला तर बंदूक भरणाऱ्याच्याच तोंडावर फुटावयाची. जो मनुष्य वही ठेवून, एकेक फैर टिपून, आपल्या रायफलीला मानवणारें काडतूस शोधून काढतो, त्याच्या ठायीं चिकाटी असते, आणि एकसारख्या काडतुसांनीं नेमही एकसारखा लागतो.

ह्या विद्येचें भय राज्यकर्त्यांस पूर्वींही वाटलें आहे. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारनें .४५० व्यासाच्या शिकारी रायफली व त्यांचा दारूगोळा हिंदुस्थानांत आणण्यास बंदी केली. कारण हेंच कीं, त्यांच्या गोळ्या काढून जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांच्या पुंगळ्यांत कोणी भरील आणि त्या बंदुका उलट आपल्यावरच रोखील! विलायती कारखानदारांनीं मग .४६५, .४७० अशीं मापें काढून साहेबांची शिकार चालूं ठेविली. आजचा १९५९ चा शस्त्र कायदाही परवान्यावांचून काडतूस बनविणें गुन्हा ठरवितो. परंतु आमचा आक्षेप भयाचा नव्हे, आणि केवळ कायद्याचाही नव्हे.

आमचा प्रश्न इतकाच कीं, एवढी शिस्त कशाच्या सेवेला? मॅग्नम हा शब्द मुळांत शॅम्पेनच्या मोठ्या बाटलीचा. बंदूकवाल्यांनीं तो मोठ्या काडतुसाला लाविला. हॉलंड अँड हॉलंडची .३७५ मॅग्नम १९१२ ची, विंचेस्टरची .३०० मॅग्नम १९६३ ची. ह्या दुसरीची १८० ग्रेनांची गोळी नळींतून सेकंदाला सुमारें ९०० मीटर वेगानें सुटते. वेग दुप्पट झाला कीं गोळीचा जोर चौपट होतो, आणि ह्या जोराचा मोह हातभरणी करणाऱ्यास कधीं सोडीत नाहीं. आणखी अर्धा ग्रेन घालून पाहूं, आणखी दहा मीटर वेग मिळतो का तें पाहूं, ही त्याची रात्रंदिवसाची विवंचना. हा वेग लागतो दूरच्या लक्ष्यासाठीं. उघड्या डोंगरउतारावर तीनचारशें मीटरांवरचें जनावर ज्याला पाडावयाचें आहे, त्याला त्याचें मोल.

आणि हिंगोलींत? औंढ्याच्या बाजूस एका शेतावर आम्हीं एक रात्र माळ्यावर काढली. डुकरें उंसांतून निघालीं तेव्हां दिसलीं नाहींत, ऐकूं आलीं. भुईमुगाच्या वाफ्यांतील तो चावण्याचा आवाज फार तर चाळीस पावलांवर असेल. त्याच वेळीं आम्हीं मान फिरवून पाहिलें तों चहूं बाजूंना दिवे. एक बॅटरी दोनशें पावलांवर, दुसरी तिच्या पलीकडे, तिसरी ओढ्याच्या कांठीं. प्रत्येक दिव्यापाशीं जागल करणारा एक मनुष्य, कोठें त्याचा मुलगाही. मॅग्नमची चुकलेली गोळी तीनचार किलोमीटरही जाऊं शकते. काळ्या सपाट रानांत तिला अडविण्यास डोंगर नाहीं. वाटेंत आहेत तीं माणसें, गोठे आणि वस्त्या. घरच्या तराजूवर अर्धी गुंज तोलणाऱ्या आमच्या मित्रांनीं हे दिवे एकदां मोजावेत.

कोणी म्हणतील, मोठें काडतूस नसेल तर जनावर जखमी होऊन पळेल. ह्यास उत्तर जिम कॉर्बेटच्या चरित्रांत आहे. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या १९२६ सालीं त्यानें .२७५ च्या रिग्बी रायफलीनें मारिला. तिचें काडतूस मॅग्नमच्या मानानें अगदीं साधें. रात्रीची वेळ, झाडावरची बैठक, जवळचें अंतर, म्हणजे आमच्या जागल्याचीच परिस्थिति. तेथें उपयोगीं पडला तो धीर, वेग नव्हे. निजामाच्या दिवसांत हैदराबाद कंटिंजंटची छावणी हिंगोलीस होती. अशा छावण्यांतील गोऱ्या अंमलदारांच्या शिकारकथा वाचून आमच्या मध्यमवर्गाचें मन अजून भारलेलें दिसतें. पीक राखणें आणि मर्दुमकी गाजविणें हे दोन धंदे निराळे आहेत, हें त्यास उमगत नाहीं.

तथापि आमचा मुख्य राग हौशी मंडळींवर नाहीं. त्यांच्या हौसेला जागा करून देणाऱ्या सरकारी उदासीनतेवर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कलम ११ उभें पीक नासणाऱ्या जनावरास मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार वनखात्यास देतें, आणि २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें रानडुक्कर व रोही यांच्यापुरती तशी वाटही काढून दिली. पण मारावें कोणीं आणि कशानें? शस्त्र कायद्याचें कलम १३ पाहावें. पिकाच्या रक्षणासाठीं त्यांत प्रथम विचार आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अंमलदाराची खात्री पटली तरच दुसरी बंदूक. म्हणजे हातभरणीची मनाई आम्ही ज्या कायद्यांत वाचतों, तोच कायदा शेतकऱ्यास सांगतो कीं तूं अंधारांत, डुक्कर समोर असतां, दारू ओत, गोळी ठास आणि मग नेम धर! एक फैर चुकली कीं दुसरी भरेपर्यंत कळप पलीकडच्या शेतांत. ज्यांस तीही मिळत नाहीं त्यांच्यांतले कांहीं गावठी बॉम्बकडे वळतात. आमिषांत दडविलेली ती दारू डुकराचा जबडा फोडते, पण त्याला लगेच मारीत नाहीं. आणि तेंच आमिष गांवच्या गाईच्या किंवा कुत्र्याच्या तोंडीं लागावयास कितीसा उशीर? ज्यांस हाल न होतां मरणाऱ्या जनावराची खरोखर कळकळ आहे, त्यांनीं आपली लेखणी येथें झिजवावी.

हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा आणि वसमत, जिल्ह्याचे तालुके पांचच. प्रत्येक तालुक्यास वनखात्यानें दोन तरी शिकविलेले, पगारी नेमबाज नेमावेत. त्यांच्या हातीं बारा बोअरची बंदूक व कारखान्यांत तपासून निघालेलीं काडतुसें द्यावीं. १८६९ पासून दारूगोळा बनविणारी खडकी चारशें-साडेचारशें किलोमीटरांवर आहे, विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. गोळी माळ्यावरूनच, खालीं जमिनीकडे रोखून सुटावी, आणि त्या रात्रीं आसपासच्या जागल्यांस आगाऊ वर्दी असावी. चुकल्या गोळीचा जाब खात्यानें द्यावा, शेतकऱ्यानें नव्हे. कलम १३ मधील ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख काढण्यास लोकसभेचा वेळ लागेल हें आम्ही समजतों. पण नेमबाज नेमण्यास तर कायदा बदलावा लागत नाहीं. येत्या रब्बींत हरभरा घाट्यांवर येण्यापूर्वीं एवढें तरी व्हावें.