आईबापांस आधार

परोपकार हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें अन्नछत्र, जुने कपडे आणि वर्गणीची यादी उभी राहते. या गोष्टी निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या घरीं नुकतेंच मूल जन्मलें आहे, आई अशक्त आहे व बाप मजुरीस गेला आहे, त्या घरास पायलीभर धान्याहूनही एका जाणत्या सोबतिणीची निकड अधिक असते, असें आमचें मत आहे.

याचें उदाहरण फार दूर शोधावें लागत नाहीं. आमच्या भंडाऱ्याजवळून वाहणारी वैनगंगा पुढें गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेवरून जाते. त्या जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याची ‘सर्च’ नांवाची संस्था आहे. तेथील खेड्यांत तान्हीं मुलें वारंवार दगावत. दवाखाना दूर, आणि बाळंतिणीस व मुलास घराबाहेर न नेण्याची रूढी. तेव्हां मूल दवाखान्यापर्यंत येत नसेल तर विद्येनेंच मुलापर्यंत गेलें पाहिजे, असें संस्थेनें ठरविलें. १९९५ सालापासून ३९ गांवांत तेथल्याच स्त्रिया ‘आरोग्यदूत’ म्हणून बाळंतिणींच्या घरीं जाऊं लागल्या. त्या मुलाचें वजन करीत, ताप पाहत, घड्याळ लावून श्वास मोजीत. ऊब कशी द्यावी व अंगावर कसें पाजावें हें आईस शिकवीत. आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसल्यास आईबापांच्या संमतीनें औषध व इंजेक्शनही देत. पूर्वी जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें ६२ मुलें पहिल्याच महिन्यांत मरत. १९९८ पर्यंत ही संख्या २५ च्या आसपास आली. पुढें २०११ सालीं सरकारनें अशा घरभेटींचें काम देशभरच्या ‘आशा’ सेविकांकडे सोंपविलें.

कोणी म्हणेल, हें काम सरकारचें व दवाखान्याचें. दवाखाने हवेतच, व ते निर्धोकही हवेत. ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीं आमच्या जिल्हा रुग्णालयास लागलेल्या आगींत १० अर्भकें गेलीं, हें भंडारेकर कसें विसरतील? त्या आईबापांसाठीं मदतीची रक्कम मुंबईहून जाहीर झाली. रक्कम मुंबईहून येऊं शकते. परंतु रित्या पाळण्यापाशीं त्या माउलीजवळ बसावयास जी बाई यावयाची, ती शेजारच्या गल्लींतूनच आली पाहिजे.

पालकहो, कोणी सेविका दारीं आली तर तिला अंगणांतूनच परत पाठवूं नका. आपल्या घरची अडचण चारचौघांत जाईल या लाजेनें कित्येक घरीं वेळ निघून जातो. साह्य घेण्यांत कमीपणा नाहीं. अडून बसण्यांत मात्र मुलाचें नुकसान आहे.

आणि विद्यार्थिनींनो, गडचिरोलीच्या त्या स्त्रिया पदवीधर नव्हत्या. त्यांचें शिक्षण पांचवी ते दहावीपर्यंतचें होतें. तेवढ्या विद्येवर त्यांनीं घराघरांतले पाळणे हलते ठेविले. तुम्हांस त्याहून अधिक शिकावयाची संधि मिळत आहे. या शाळेंत मिळालेलें ज्ञान परीक्षेच्या कागदावरच संपलें, कीं एखाद्या घाबरलेल्या आईच्या उपयोगीं पडलें, यावरूनच आम्ही आमच्या शिकविण्याची किंमत करूं.